भजनी मंडळाचा ग्रुप फोटो दरवेळी काळा येतो, त्याचं काय करायचं

सप्ताह जवळ आला की फ्लेक्ससाठी मंडळाचा ग्रुप फोटो लागतो आणि दरवर्षी तेच होतं. सगळे पांढरे सदरे घालून, टोप्या नीट करून, कपाळाला बुक्का लावून देवळासमोर उभे राहतात, फोनच्या स्क्रीनवर फोटो बरा वाटतो, आणि घरी येऊन मोठा करून बघितला की टोप्या तेवढ्या पांढऱ्याफेक आणि टोपीखाली चेहऱ्याच्या जागी नुसती सावली. डोळे दिसतच नाहीत. पखवाज कुणाच्यातरी पायामागं गेलेला, पेटी खाली अर्धी कापलेली, टाळ तर कुठंच नाहीत. ही गाणारी माणसं आहेत हेच फोटोवरून कळत नाही आणि त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण ज्यांनी चाळीस-चाळीस वर्षं पखवाज वाजवला त्यांचा वाद्यासकट एक धड फोटो घरात नसतो.

मी गेली सात-आठ वर्षं आमच्या गावच्या मंडळाचे, आजूबाजूच्या वाड्यांवरच्या मंडळांचे, महिला मंडळाचे फोटो काढतोय, जास्त करून फोनवरच, मित्राचा कॅमेरा मिळाला तर त्यावर. हा प्रश्न इतक्या जणांनी इतक्या वेळा विचारलाय की एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. बहुतेक वेळा दोष फोनचा नसतो. माणसं कुठं बसवली आणि कशी बसवली एवढंच बघायचं असतं. फोन बदलून सुटत नाही, मी बदलून बघितलाय, नव्या फोनवर पण तोच काळा फोटो आला फक्त जास्त स्पष्ट काळा आला.

चेहरे काळे का पडतात

तीन कारणं असतात आणि बऱ्याचदा तिन्ही एकदम लागू होतात.

पहिलं म्हणजे वेळ. मंडळी जमतात कधी तर काल्याचं कीर्तन संपल्यावर, म्हणजे दुपारी बारा-एकला, सूर्य बरोबर डोक्यावर. वरून पडणारं ऊन कपाळावर, नाकावर आणि मिशीवर पडतं आणि डोळ्यांच्या खोबणीत काळोख राहतो, त्यात टोपी किंवा फेटा असला की अर्धा चेहरा गेलाच.

दुसरं म्हणजे पांढरे कपडे. कॅमेऱ्याला सदरा कळत नाही, तो समोरचा सगळा उजेड मोजतो आणि सरासरी मध्यम करड्या रंगाएवढी आणायला बघतो. समोर पंधरा पांढरे सदरे, पंधरा टोप्या आणि मागं चुन्याची भिंत असली की त्याला वाटतं उजेड फारच झाला, मग तो सगळा फोटो खाली ओढतो आणि आयुष्यभर शेतात राबून रापलेले चेहरे अजून काळे पडतात. यावर लगेच करता येण्यासारखं म्हणजे स्क्रीनवर पहिल्या रांगेतल्या मधल्या माणसाच्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं, थोडा वेळ दाबून धरलं की फोकस आणि उजेड दोन्ही लॉक होतात, मग बाजूला ते छोटं सूर्याचं चिन्ह येतं ते वर सरकवायचं. किती वर? तर चेहऱ्यावरच्या रेषा दिसायला लागेपर्यंत, पण सदऱ्याच्या चुण्या दिसायच्या बंद होतील इतकं नाही. सदऱ्याची चुणी गेली म्हणजे तो भाग जळाला, तो नंतर कुठल्याच ॲपमधून परत येत नाही.

तिसरं कारण सगळ्यात जास्त बघायला मिळतं. सभामंडपाच्या आत, पाठीमागं उघडा दरवाजा किंवा खिडकी आणि फोटो काढणारा गाभाऱ्याकडं पाठ करून उभा. दारातून येणारं ऊन मंडळींच्या पाठीवर पडतं, चेहरे आतल्या अंधाराकडं. इथं काही सेटिंग करत बसू नका, सगळ्यांना उलटं फिरवा. माणसांची तोंडं दाराकडं आणि तुमची पाठ दाराला. आमच्या देवळात फक्त एवढं केलं आणि अर्धा प्रश्न मिटला.

मग बसवायचं कुठं

ओसरी, पडवी, सभामंडपाची कड, मोठ्या झाडाची दाट सावली. म्हणजे डोक्यावर छप्पर पाहिजे आणि समोर मोकळं आभाळ पाहिजे. वरचं ऊन छपरानं अडवलं आणि समोरच्या आभाळाचा मऊ उजेड सरळ तोंडावर आला की सुरकुत्या, बुक्का, डोळ्यातली चमक सगळं दिसतं. जागा शोधायची माझी पद्धत सोपी आहे, स्वतःची मूठ चेहऱ्याच्या उंचीवर धरायची आणि देवळाभोवती हळूहळू फिरायचं. बोटांच्या सांध्यांखाली काळी कडक सावली पडत असेल तर तीच सावली माणसांच्या डोळ्याखाली पडणार, ती जागा सोडा. मुठीवर एका बाजूनं उजेड आणि दुसऱ्या बाजूला हलकी सावली, मधे कुठं रेघ नाही, अशी जागा सापडली की तिथं सतरंजी टाका. झाडाखाली बसवताना मात्र पानांतून येणारे उन्हाचे ठिपके बघून घ्या, एखाद्याच्या गालावर कवडसा पडला की तो फोटो वाया.

आता एक गोष्ट जी मला कुणी सांगितली नव्हती, बघून कळली. एका वाडीत संध्याकाळच्या भजनाची तयारी चालली होती, बसायच्या जागेपुढं कुणीतरी पांढरी चादर अंथरून ठेवलेली आणि पहिल्या रांगेतली माणसं सहज येऊन बसली तर त्यांचे चेहरे मागच्यांपेक्षा एकदम उजळ. मला आधी कळेना. मग चादर उचलून बघितली, चेहरे पडले. परत टाकली, परत उजळले. देवळातली शहाबादी फरशी काळपट असते, ती उजेड गिळते, आणि पांढरी चादर तोच उजेड खालून वर चेहऱ्यावर फेकते, डोळ्याखालची आणि टोपीखालची सावली भरून निघते. तेव्हापासून मी दोन धुतलेल्या पांढऱ्या चादरी बरोबर ठेवतो, पहिल्या रांगेच्या अगदी पुढं पसरायच्या, फ्रेमच्या जरा बाहेर राहतील अशा. खर्च काही नाही आणि फरक इतका की ज्यांना दाखवला त्यांनी पुढच्या वेळी स्वतःच चादर आणून ठेवली. रंगीत चादर नको, लाल सतरंजी असली की हनुवटीखाली लाल झाक येते.

रंगावरून आठवलं, मांडव. सप्ताहाचा मांडव भगव्या-पिवळ्या कापडाचा असतो, पावसाळा असेल तर निळी ताडपत्री. त्यातून गाळून येणारा उजेड तोच रंग घेऊन येतो, भगव्याखाली सगळे तांबडे आणि ताडपत्रीखाली सगळे निळे. एडिटमध्ये चेहरा सुधारायला जावं तर सदरे बिघडतात. त्यामुळं मांडवाच्या मध्यात बसवू नका, कडेला आणा, तोंडं बाहेर करा, म्हणजे समोरून साधा उजेड येईल आणि वरचा रंगीत उजेड मागं पडेल. देवळाच्या भिंतींचं पण तसंच, गुलाबी किंवा हिरवा ऑइलपेंट मारलेल्या भिंतीला चिकटून बसलेल्या माणसाच्या त्या बाजूच्या गालावर तोच रंग चढतो. भिंतीपासून चार-पाच फूट पुढं बसवा, मग मागची सावली पण भिंतीवर पडत नाही.

वेळ तुमच्या हातात असेल तर ऊन कलल्यावर, सूर्य मावळायच्या आधीचा तासभर धरा. आणि फोटो भजनाच्या आधी काढा. नंतर सगळे दमलेले असतात, कुणाला घरी जायची घाई असते, कुणी पंगतीला बसलेलं असतं.

रात्रीचं भजन, ट्यूबलाइट आणि फ्लॅश

फ्लॅश बंद करा, हे आधी. दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड चौपट कमी होतो, म्हणजे तुमच्यापासून चार फुटांवरच्या पेटीवाल्यांवर जेवढा फ्लॅश पडतो त्याच्या पावपटच आठ फुटांवरच्या टाळकऱ्यांवर पडतो. म्हणून पुढचे भुतासारखे पांढरे आणि मागचे अंधारात. शिवाय टाळ, पेटीचं पॉलिश आणि चष्मे सगळे एकदम चमकतात.

त्यापेक्षा देवळातले दिवे बघा. बऱ्याच ठिकाणी एका बाजूला पांढरी ट्यूब, दुसऱ्या बाजूला पिवळा हॅलोजन, गाभाऱ्यावर रंग बदलणारी माळ. फोनला कळत नाही कुठला पांढरा खरा धरायचा, त्यामुळं अर्धे चेहरे पिवळे आणि अर्धे निळसर. एकाच जातीचे दिवे चालू ठेवा, बाकीचे पाच मिनिटं बंद करायला सांगा, पुजारी-विश्वस्त कुणी नाही म्हणत नाही. आणि ट्यूबच्या बरोबर खाली बसवू नका, परत तीच डोक्यावरच्या उन्हाची गत होते, ट्यूब मंडळींच्या समोर आणि थोडी वर पाहिजे. उजेड कमीच पडत असेल तर एखाद्याला हातात मोठी बॅटरी देऊन समोरच्या पांढऱ्या भिंतीवर मारायला सांगा, माणसांवर नाही. भिंतच मोठा दिवा होते आणि तिचा उजेड मऊ पडतो.

फोटोवर आडवे काळे पट्टे येतात असं बरेच जण विचारतात. ते दिव्यांमुळं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यावर काही दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, डोळ्याला दिसत नाही पण शटर वेगात असलं की कॅमेऱ्याला दिसतं. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये, म्हणजे जिथं सेटिंग हातानं करता येतं तिथं, जाऊन शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद करा, पट्टे जातात. १/५० ला हात हलतो म्हणून फोन कशालातरी टेकवा, आणि टाळ वाजवत असतील तर थांबायला सांगा, नाहीतर हात पुसट येतील.

मंडळी बसवायची कशी

इथं माझं मत ठाम आहे. लग्नातल्यासारखी रांग लावू नका. उंच मागं, बुटके पुढं, हात खाली सोडलेले, अशी रांग लावली की वाद्यं आपोआप बाहेर जातात. मंडळ गाताना जसं बसतं तसंच बसवा आणि त्यात थोडी डागडुजी करा.

सुरुवात वीणेपासून करा. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत, पहारा बदलला की एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, त्यामुळं 'माऊली, फोटोपुरती वीणा बाजूला ठेवा' असं चुकूनही म्हणू नका. उलट तेच तुमचं मधलं टोक आहे. वीणेकरी मधोमध उभे, त्यांच्या पुढं खाली एका बाजूला पेटी आणि दुसऱ्या बाजूला पखवाज, आणि दोन्हीकडं टाळकरी, काही बसलेले काही गुडघ्यावर काही मागं उभे. नजर आपोआप वीणेपासून खाली पेटीवर आणि पखवाजावर उतरते. डोकी एका सरळ रेषेत नकोत, एकाचं डोकं पुढच्या दोघांच्या डोक्यांच्या मधल्या जागेत आलं पाहिजे, त्यासाठी पाट, सतरंजीची घडी, पायरी काही पण वापरा. वीणेच्या दांडीकडं लक्ष ठेवा, ती मागच्या माणसाच्या तोंडावरून गेलेली फोटो काढताना दिसत नाही, नंतर तेवढंच दिसतं. मागच्याला वीतभर सरकवलं की झालं.

पेटी सरळ समोर ठेवली की कॅमेऱ्याला नुसता भाता दिसतो, पट्ट्या आणि बोटं वाजवणाऱ्याच्या बाजूला राहतात. म्हणून पेटी थोडी तिरकी करायची, इतकी की उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवर दिसतील आणि डावा हात भात्यावर दिसेल. पखवाज आडवा मांडीपुढं असतोच, वाजवणाऱ्याला दोन्ही हात पुड्यांवर ठेवायला सांगा, हात मांडीवर ठेवले की वाद्य परकं वाटतं. आमच्या पखवाजवाल्या आबांचा एक फोटो आहे त्यात डाव्या पुडीवर नुकतीच लावलेली ओली कणीक आणि तिच्यावर उमटलेली बोटं दिसतात, चेहरा जरा बाजूला वळलेला आहे, तरी घरच्यांनी तोच फ्रेम करून लावला. टाळ छातीच्या उंचीवर, एकमेकांपासून चार बोटं लांब. टाळाची चकती सरळ उजेडाकडं असली की पांढरा गोळा होतो, मनगट किंचित फिरवलं की पितळेचा रंग परत येतो.

मधे हे पण सांगतो, क्लासच्या गुरुपौर्णिमेचा फोटो असेल आणि तंबोरे असतील तर ते दोन टोकांना खांबासारखे नको, गाणाऱ्याच्या मागं दोन्ही बाजूंना आणि आतल्या बाजूला किंचित कललेले. मिरजेच्या चांगल्या तंबोऱ्याचा भोपळा आरशासारखा चकाकतो, त्यात खिडकी, फोटो काढणारा सगळे दिसतात, थोडा फिरवला की जातं. पण फिरवायला वाद्याच्या मालकालाच सांगा, स्वतः हात लावू नका. जुळवलेला तंबोरा हलला तर त्यांना परत सगळं जुळवत बसावं लागतं.

महिला मंडळाच्या फोटोत वेगळाच प्रश्न येतो, सगळ्यांच्या साड्या एकाच रंगाच्या असतात. काकी, वहिनी, ताई सगळ्या दाटीवाटीनं बसल्या की एक मोठा जांभळा गठ्ठा होतो आणि कोण कुठं संपतं तेच कळत नाही. दोघींच्या मधे हातभर जागा ठेवा आणि शरीर थोडं तिरकं, चेहरा समोर. टाळ धरलेले हात साडीच्या रंगावर उठून दिसतात, तेच हात गठ्ठा फोडतात. आणि मागच्या रांगेतल्या बायका लाजून अजून मागं सरकतात, त्यांना नावानं हाक मारून पुढं घ्या.

कॅमेरा कुठं धरायचा

बसलेल्यांचा फोटो उभं राहून काढू नका. वरून काढला की डोकी मोठी, पाय बारीक आणि पेटी जमिनीला चिकटलेली. तुम्ही पण खाली बसा, फोन पहिल्या रांगेच्या छातीच्या उंचीला आणि सरळ, वर-खाली न कलवता.

कडेचा माणूस जाडा येतो, त्याचं डोकं लांबट होतं ही तक्रार खरी आहे आणि त्याचं कारण म्हणजे सगळे मावत नाहीत म्हणून ०.५ वर काढलेला फोटो. ती लेन्स कडा ताणते. मागं सरका आणि १x वर काढा, जागा असेल तर अजून मागं जाऊन २x वर. जागाच नसेल तर रांग सरळ न ठेवता थोडी कमानीसारखी वळवा, कडेची माणसं आत, म्हणजे कमी रुंदीत सगळे मावतात आणि चेहरे पण तुमच्याकडं वळतात. अगदी टोकाला माणूस न ठेवता दोन्हीकडं थोडी मोकळी जागा सोडा. फ्लेक्ससाठी असेल तर वर पण सोडा, तिथं अक्षरं येतात, नाहीतर दुकानवाला वीणेकऱ्यांचा फेटा कापतो.

पोर्ट्रेट मोड बंद. त्याला वीणेच्या तारा आणि टाळाची दोरी कळत नाही, अर्ध्या तारा पुसून टाकतो, मागची रांग पण धूसर करतो. कॅमेरा असेल तर दोन रांगांना ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक किती उघडायचं तो आकडा, ५.६ ते ८ च्या आसपास ठेवा आणि दोन रांगांत अंतर कमी ठेवा.

चष्म्यात खिडकी किंवा ट्यूब दिसत असेल तर चष्मा काढायला लावू नका, बऱ्याच जणांना त्याशिवाय दिसत नाही आणि चेहरा पण ओळखू येत नाही. हनुवटी दोन बोटं खाली, किंवा चष्म्याच्या काड्या कानावरून केसभर वर उचलायच्या, काच खाली झुकते आणि चमक निघून जाते.

डोळे मिटतात त्याचं गणित झालेलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी विज्ञान संस्थेतल्या निक स्वेन्सन आणि पीअर्स बार्न्स यांनी ते मांडलं, २००६ साली त्यांना त्यासाठी इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते गमतीचं बक्षीस. वीसच्या आतला ग्रुप असेल तर चांगल्या उजेडात माणसांच्या आकड्याला ३ नं भागा आणि कमी उजेडात २ नं, तेवढे फोटो काढा. पंधरा जणांना दिवसा पाच, रात्री आठ. मी त्याच्यावर अजून दोन-तीन काढतो कारण आमच्याकडं मधेच कुणीतरी शेजारच्याशी बोलायला लागतं.

शेवटी मागं काय आहे ते एकदा बघून घ्या, डोक्यातून उगवलेला खांब, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची चळत, लोंबणारी वायर, कडेला पडलेल्या चपला. एका पोराला सांगितलं तर दोन मिनिटात सगळं साफ करतो.

हे सगळं झालं, आठ-दहा फोटो काढून झाले की लगेच उठू देऊ नका. बुवांना म्हणा, आता बसलाच आहात तर एक गजर घ्या. पखवाजावर थाप पडली की खांदे सैल होतात, मान हलायला लागते, कॅमेऱ्याकडं कुणी बघत नाही. तुम्ही जागा सोडू नका, उजेड आधीच नीट आहे, फक्त काढत राहा. फ्लेक्सवाल्याकडं यातलाच एखादा पाठवा आणि पाठवताना व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दाबून छोटा होतो आणि दहा फुटी फ्लेक्सवर चेहरे परत फुटतात.